साठवणुकीतील धान्याच्या किडींची ओळख

पोते, कणगी, कोठी, गोदाम किंवा घरातील डबा यांत साठवलेली तृणधान्ये, कडधान्ये आणि त्यांची पिठे यांत आढळणारे कीटक व माइट (कोळ्यांच्या वर्गातील सूक्ष्म जीव) कोणत्या जातीचे आहेत हे ठरविणे म्हणजे साठवणुकीतील धान्याच्या किडींची ओळख होय. ही ओळख दोन गोष्टींवरून पटते: किडीची शरीररचना आणि किडीने धान्यावर मागे ठेवलेल्या खुणा. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक उपयोगी पडते, कारण अनेक किडींचे अंडे, अळी व कोष या अवस्था दाण्याच्या आतच पार पडतात. धान्यात फिरणारा प्रौढ कीटक दिसतो तेव्हा त्याच्या वाढीचा दाणा आधीच पोखरून झालेला असतो. भारतात आढळणाऱ्या प्रमुख किडी, त्यांच्या खुणा, तपासणीच्या पद्धती आणि अचूक ओळखीचे महत्त्व यांची माहिती या लेखात दिली आहे.

लोकनामे आणि त्यांतील संदिग्धता

मराठीत धान्यातील किडींना टोके, सोंडे, पोरकिडे, सोनकिडे, भुंगे, पाखरे अशी अनेक नावे आहेत. ही नावे प्रदेशागणिक आणि घरागणिक वेगवेगळ्या किडींना लावली जातात. एका ठिकाणी 'टोके' म्हणजे तांदळातील सोंडकिडा, तर दुसऱ्या ठिकाणी मुगातील भुंगेरा असू शकतो. उपाय मात्र किडीच्या जातीनुसार बदलत असल्याने केवळ लोकनामावर विसंबून राहणे पुरेसे ठरत नाही. शास्त्रीय नावाबरोबर बाह्य लक्षणे पाहणे आवश्यक असते.

वर्गीकरण

धान्यातील किडींचे साधारणपणे दोन गट केले जातात.

प्राथमिक किडी: अखंड, निरोगी दाण्यावर हल्ला करू शकणाऱ्या किडी. सोंडकिडा, दाणे पोखरणारा लहान भुंगेरा, धान्यावरील पतंग आणि कडधान्यावरील भुंगेरा या किडींची अळी दाण्याच्या आत वाढते. खापरा भुंगेऱ्याची अळी बाहेरून खाते, तरीही अखंड दाण्याचे नुकसान करू शकत असल्याने ती याच गटात मोडते.

दुय्यम किडी: फुटके दाणे, कणी, भुसा, पीठ, रवा किंवा प्राथमिक किडींनी आधीच पोखरलेले दाणे यांवर जगणाऱ्या किडी. पिठातील तांबडा भुंगेरा, करवती भुंगेरा, तांदळावरील पतंग आणि बहुतेक माइट या गटात येतात.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. गव्हात तांबडे भुंगेरे मोठ्या संख्येने दिसत असतील, तर त्या गव्हात फुटके दाणे वा पीठ पुष्कळ आहे किंवा एखादी प्राथमिक कीड आत काम करून गेली आहे, असे अनुमान निघते.

धान्यावरील खुणा

कीटक दृष्टीस पडला नाही तरी पुढील खुणांवरून त्याचा अंदाज बांधता येतो.

- दाण्यावर लहान, साधारण गोल छिद्र, बाहेर पीठ अगदी थोडे: सोंडकिडा.
- वेडीवाकडी छिद्रे, दाणा टरफलासारखा पोकळ, भरपूर पीठ आणि किंचित गोडसर वास: दाणे पोखरणारा लहान भुंगेरा.
- दाण्यावर पातळ पापुद्र्याची गोल खिडकी किंवा अर्धवट उघडलेले झाकण: धान्यावरील पतंग.
- मूग, चवळी वा हरभऱ्यावर चिकटलेले पांढरे ठिपके, पुढे नेटके गोल भोक: कडधान्यावरील भुंगेरा.
- पोत्याच्या शिवणीत किंवा धान्याच्या वरच्या थरात केसाळ, पिवळट तपकिरी काती: खापरा भुंगेरा.
- रेशमी धाग्यांनी एकत्र गुंतलेले दाणे, पिठाच्या गुठळ्या, जाळी: तांदळावरील पतंग व त्याच्या जवळच्या जाती.
- पिठाला गुलाबी-तपकिरी छटा आणि उग्र वास: पिठातील तांबडा भुंगेरा.
- पोत्यावर, फळीवर हळूहळू हलणारी पिठासारखी बारीक धूळ: माइट.

दाण्याच्या आत वाढणाऱ्या किडी

सोंडकिडा (सायटोफिलस ओरायझी)

हा २.५ ते ४ मिमी लांबीचा, तांबूस तपकिरी ते काळपट भुंगेरा आहे. डोक्याचा पुढचा भाग लांब सोंडेसारखा असल्याने तो सहज ओळखू येतो. पाठीवरील कठीण पंखांवर चार फिकट तांबूस-पिवळे ठिपके असतात. मादी सोंडेच्या टोकाशी असलेल्या जबड्यांनी दाण्याला भोक पाडून त्यात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते भोक बुजविते. त्यामुळे दाणा वरून अखंड दिसतो. अळी पांढरी, गुबगुबीत व पायांविना असते. ती दाण्याबाहेर कधीही येत नाही. उबदार, दमट हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे महिनाभरात पूर्ण होतो.

मक्यावरील सोंडकिडा (सायटोफिलस झीमेज) बाह्यरूपाने याच्याशी इतका जुळतो की, खात्रीसाठी प्रजननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. थंड प्रदेशांत आढळणाऱ्या सायटोफिलस ग्रॅनेरियस या जातीच्या पाठीवर ठिपके नसतात आणि तिला उडता येत नाही. टरफलासह ठेवलेल्या भाताला सोंडकिड्याचा उपद्रव कमी होतो, सडलेल्या तांदळाला अधिक होतो.

दाणे पोखरणारा लहान भुंगेरा (रायझोपर्था डॉमिनिका)

लांबी २ ते ३ मिमी, शरीर दंडगोलाकार व गडद तपकिरी. याचे डोके वक्षाच्या खाली वळलेले असल्याने वरून पाहताना दिसत नाही; हीच त्याची मुख्य खूण होय. शृंगिकेच्या टोकाचे तीन खंड मोठे व सुटे सुटे असतात. अंडी दाण्याच्या बाहेर घातली जातात आणि लहान अळी दाण्यात शिरते. अळी आणि प्रौढ दोघेही अतिशय खादाड असतात. खाण्यापेक्षा अधिक धान्याचा ते भुगा करतात. गहू, ज्वारी, भात यांच्या साठ्यांत ही कीड विशेष आढळते. ती चांगली उडते, त्यामुळे एका गोदामातून दुसऱ्यात पोहोचते.

धान्यावरील पतंग (सायटोट्रोगा सिरिअलेला)

पंख पसरल्यावर सुमारे १० ते १६ मिमी रुंद भरणारा हा फिकट पिवळसर पतंग आहे. मागील पंखांच्या कडेला लांब केसांची झालर असते आणि त्यांचे टोक बोटासारखे एकाएकी निमुळते होते. फ्रान्समधील आंगूमुआ प्रांतात अठराव्या शतकात या किडीने धान्याची मोठी हानी केली. १७६० च्या सुमारास तेथे तिचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि इंग्रजीत ती आजही त्या प्रांताच्या नावानेच ओळखली जाते. अळी दाण्यात वाढते आणि कोषात जाण्यापूर्वी बाहेर पडण्याच्या जागी केवळ पातळ पापुद्रा राखून ठेवते. प्रौढ पतंग तो ढकलून बाहेर येतो. पतंगाला धान्याच्या राशीत खोल शिरता येत नाही, म्हणून मोकळ्या राशीत नुकसान मुख्यतः वरच्या थरात दिसते. भात, मका व ज्वारी यांवर उभ्या पिकातच अंडी घातली जाऊ शकतात.

कडधान्यावरील भुंगेरा (कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस व कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस)

हे भुंगेरे ३ ते ४ मिमी लांब, आखूड, तपकिरी व ठिपकेदार असतात. पंख आखूड असल्याने उदराचे टोक उघडे राहते. पुष्कळदा यांनाही सोंडे म्हटले जाते, परंतु यांना सोंड नसते. ते पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातील आहेत. चायनेन्सिस जातीच्या नराच्या शृंगिका कंगव्यासारख्या असतात, मॅक्युलेटसच्या दातेरी असतात. मादी गुळगुळीत दाण्यावर किंवा शेतातील शेंगेवर अंडी चिकटवते. वाळल्यावर ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते. प्रौढ साठवलेले धान्य खात नाही आणि फार दिवस जगतही नाही. सर्व नुकसान अळीचे असते. अखंड मूग, चवळी, हरभरा, तूर, मटकी यांना ही कीड लागते. भरडून केलेल्या डाळीत तिचा उपद्रव बराच कमी असतो.

खापरा भुंगेरा (ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम)

साठवणुकीतील सर्वांत चिवट किडींत याची गणना होते. मूळ भारतीय उपखंडातील मानल्या जाणाऱ्या या किडीचे नाव खापर, वीट वा कौल या अर्थाच्या शब्दावरून आले असे समजतात, कारण तिच्या अळ्या भिंतींच्या विटांतील फटींत दडून राहतात. हेच देशी नाव इंग्रजीतही रूढ झाले आहे. प्रौढ २ ते ३ मिमी लांब, अंडाकृती व तपकिरी असतो. त्याला पंख असूनही तो उडत नाही आणि खातही जवळजवळ नाही. नुकसान करते ती अळी: पिवळट तपकिरी, अंगभर केस, आडवे पट्टे आणि शेपटीकडे लांब केसांचा झुबका. ती प्रथम दाण्याचा अंकुर असलेला भाग खाते.

प्रतिकूल स्थितीत अळी सुप्तावस्थेत जाते आणि अन्नाशिवाय दीर्घकाळ, कधी काही वर्षेही, जिवंत राहते. इतर किडींना वाढता येत नाही अशा अतिशय कोरड्या धान्यातही ती वाढते. त्यामुळे गोदाम रिकामे केले म्हणजे कीड संपली असे होत नाही. कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये ही कीड आढळल्यावर तिच्या उच्चाटनासाठी तेथे अनेक वर्षे मोहीम चालवावी लागली. आज अनेक देशांत ती विलग्नवासाच्या यादीत असून ती आढळलेला माल बंदरातच अडविला जातो.

दाण्याच्या बाहेर वाढणाऱ्या किडी

पिठातील तांबडा भुंगेरा (ट्रायबोलियम कॅस्टॅनियम)

३ ते ४ मिमी लांब, चपटा, तांबूस तपकिरी, चपळ. पीठ, रवा, मैदा, सुकामेवा आणि फुटके धान्य यांत आढळतो. संख्या वाढली की त्याच्या ग्रंथींतील क्विनोन वर्गातील स्रावांमुळे पिठाला उग्र वास व गुलाबी छटा येते. ट्रायबोलियम कन्फ्युझम ही त्याची जवळची जात आहे. कॅस्टॅनियममध्ये शृंगिकेचे शेवटचे तीन खंड एकाएकी मोठे होतात, तर कन्फ्युझममध्ये शृंगिका टोकाकडे हळूहळू जाड होत जाते. प्रयोगशाळेत सहज वाढत असल्याने तांबडा भुंगेरा संशोधनातही वापरला जातो. त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

करवती भुंगेरा (ओरायझीफिलस सुरिनामेन्सिस)

२.५ ते ३ मिमी लांब, अरुंद व अतिशय चपटा. वक्षाच्या दोन्ही कडांना प्रत्येकी सहा दात असतात. साध्या भिंगातून ते करवतीसारखे दिसतात. चपटेपणामुळे तो बंद वाटणाऱ्या पुड्यांच्या बारीक फटींतूनही आत शिरतो.

तांदळावरील पतंग (कॉर्सिरा सेफॅलोनिका)

करड्या-तपकिरी रंगाचा हा पतंग तांदूळ, ज्वारी, बाजरी, शेंगदाणे व रवा यांत आढळतो. अळी रेशमी धागे सोडून दाण्यांचे गुच्छ बनविते व आत राहून खाते. याच पतंगाची अंडी वापरून ट्रायकोग्रामा या उपयुक्त परोपजीवी गांधीलमाशीचे प्रयोगशाळेत उत्पादन केले जाते. ऊस व कपाशीवरील अळ्यांच्या नियंत्रणासाठी शेतकरी वापरतात ती ट्रायकोकार्डे अशाच अंड्यांची असतात.

प्लोडिया इंटरपंक्टेला

या पतंगाच्या पुढच्या पंखाचा मुळाकडील भाग फिकट आणि उरलेला तांबूस-तपकिरी असतो. त्याच्या इंग्रजी नावातील 'इंडियन मील' या शब्दांचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला असलेले ते जुने नाव असून एकोणिसाव्या शतकात आसा फिच या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने ते या किडीला लावले.

माइट

माइट हे कीटक नव्हेत. प्रौढ माइटला आठ पाय असतात, शृंगिका व पंख नसतात आणि शरीराचे डोके, वक्ष, उदर असे स्पष्ट भाग पडत नाहीत. अंड्यातून निघालेल्या अवस्थेला मात्र सहाच पाय असतात, त्यामुळे लहान माइट पाहून फसगत होऊ शकते.

पिठातील माइट (अकॅरस सायरो) ही यांतील सुपरिचित जात होय. कार्ल लिनीयस याने १७५८ मध्ये तिचे नामकरण केले. तिची लांबी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असते. शरीर पांढुरके व पाय फिकट गुलाबी असतात. नुसत्या डोळ्यांना ती पिठाच्या कणासारखीच दिसते. मोठ्या प्रमाणावर लागण झालेले पीठ बोटांत चुरडल्यास पुदिन्यासारखा वास येतो. टायरोफॅगस प्युट्रेसेंटी ही दुसरी जात लांब केसांवरून ओळखता येते. ती तेलबिया, सुके खोबरे, चीज अशा स्निग्ध पदार्थांवर विशेष वाढते.

माइटची त्वचा पातळ असल्याने त्यांना दमटपणा लागतो. दाण्यातील ओलावा साधारण १४ टक्क्यांच्या वर गेला की त्यांची वाढ झपाट्याने होते, म्हणून पावसाळ्यात त्यांचा उपद्रव वाढतो. काही जातींत प्रतिकूल काळात न खाणारी, कठीण आवरणाची एक अवस्था येते. ती इतर कीटकांच्या अंगाला चिकटून नव्या ठिकाणी पोहोचते. माइट दाण्याचा अंकुर खातात. असा दाणा दिसायला जवळजवळ अखंड असतो, पण पेरल्यावर उगवत नाही. घरचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याचे हे नुकसान पेरणी झाल्यावरच उघडकीस येते. माइटयुक्त धान्य हाताळणाऱ्यांना त्वचेची खाज, शिंका व दमा यांचा त्रास होऊ शकतो, तर असे पीठ खाल्ल्याने संवेदनशील व्यक्तींना तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते.

नेहमी होणाऱ्या गफलती

माइट आणि पुस्तकातील ऊ (लायपोसेलिस): दोन्ही सूक्ष्म, फिकट व दमट जागी आढळणारे. पुस्तकातील ऊ सुमारे १ मिमी लांब असते, तिला सहा पाय, स्पष्ट डोके आणि लांब, धाग्यासारख्या शृंगिका असतात आणि ती वेगाने पळते. माइट संथ चालतात.

सोंडकिडा आणि कडधान्यावरील भुंगेरा: सोंड असणे किंवा नसणे ही निर्णायक खूण.

खापरा भुंगेरा आणि इतर केसाळ अळ्या: कातडी, लोकर व मृत कीटक खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्याही केसाळ असतात. ही कीड विलग्नवासाच्या दृष्टीने गंभीर असल्याने तिची निश्चिती तज्ज्ञाकडूनच केली जाते.

कीड आणि किडीचे शत्रू: धान्यात दिसणारा प्रत्येक जीव धान्य खाणारा नसतो. अ‍ॅनिसोप्टेरोमॅलस कॅलॅन्ड्री ही मुंगीएवढी, काळपट, पंख असलेली गांधीलमाशी सोंडकिड्याच्या अळ्यांवर जगते, तर चेलेटस एरुडिटस हा माइट इतर माइट खातो. मात्र ते सापडले म्हणजे मूळ कीड तेथे आहे, हे नक्की.

तपासणीच्या पद्धती

नमुना: कीड साठ्यात सारखी पसरलेली नसते. म्हणून टोकदार पोकळ सळई पोत्यात खुपसून वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून, तसेच भिंतीलगतच्या पोत्यांतून नमुने घेतले जातात.

चाळणी: सुमारे २ मिमी छिद्रांच्या चाळणीने चाळल्यास मोकळे फिरणारे कीटक खाली पडतात. धान्य थंड असल्यास कीटक निपचित राहतात. ते परातीत पसरून थोडा वेळ उन्हात ठेवल्यास हालचाल दिसते. दाण्याच्या आतील कीड मात्र चाळणीने सापडत नाही.

तरंगण्याची कसोटी: मिठाच्या सौम्य द्रावणात पोखरलेले दाणे तरंगतात. कोवळी अळी असलेला दाणा जड असल्याने बुडतो, म्हणून ही कसोटी केवळ अंदाजापुरती आहे.

रंजक कसोटी: अ‍ॅसिड फ्युक्सिन या रंजकात दाणे बुडवून धुतल्यास सोंडकिड्याच्या मादीने बुजविलेली भोके गडद लाल ठिपक्यांसारखी दिसतात.

बरणीतील निरीक्षण: मोजून घेतलेले दाणे काचेच्या बरणीत, तोंडाला कापड बांधून ४ ते ६ आठवडे ठेवले असता आतील किडी प्रौढ होऊन बाहेर येतात. उपकरणांविना करता येणारी ही सर्वांत भरवशाची पद्धत आहे. बियाणे राखण्यापूर्वी ती उपयोगी पडते.

माइटसाठी: पिठाचा पृष्ठभाग सपाट करून काही मिनिटे तसाच ठेवतात; माइट असल्यास तो खडबडीत होतो. पोत्यावरील धूळ काळ्या कागदावर घेऊन दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने पाहिल्यास हालणारे कण दिसतात.

सापळे: धान्यात उभी रोवण्याची सच्छिद्र नळी, विशिष्ट जातींसाठी कामगंध सापळे आणि दाण्यातील अळीच्या कुरतडण्याचा आवाज टिपणारी साधने मोठ्या गोदामांत वापरली जातात. क्ष-किरण छायाचित्रात दाण्यातील अळी प्रत्यक्ष दिसते.

तापमान: किडींच्या श्वसनामुळे धान्य आतून तापते. पोत्यात हात घातल्यावर एखादा भाग उबदार लागणे ही आत वाढलेल्या किडीची किंवा बुरशीची पूर्वसूचना असते.

अचूक ओळखीचे महत्त्व

किडीच्या जातीनुसार उपाय बदलतो. माइट व पुस्तकातील ऊ यांचे मूळ ओलावा असल्याने धान्य वाळविणे व जागा कोरडी ठेवणे हाच त्यांवरील खरा उपाय. करवती व तांबड्या भुंगेऱ्यांसाठी फुटके दाणे, भुसा व सांडलेले पीठ काढून टाकणे परिणामकारक ठरते. कडधान्यावरील भुंगेऱ्यासाठी डाळ करून ठेवणे किंवा किलोमागे सुमारे ५ मिली खाद्यतेल दाण्यांना चोळणे हे उपाय रूढ आहेत. सोंडकिडा, पतंग आणि कडधान्यावरील भुंगेरा शेतातूनच येऊ शकत असल्याने धान्य भरण्यापूर्वीच त्याची तपासणी व वाळवण महत्त्वाची असते. खापरा भुंगेऱ्याच्या बाबतीत धान्याइतकेच भिंती, फटी व जुनी पोती यांकडे लक्ष द्यावे लागते. हवाबंद साठवणुकीत प्राणवायू संपत गेल्याने किडी मरतात. सोलापूर व मराठवाडा भागांतील ज्वारीची पेवे याच तत्त्वावर टिकत; पेव उघडल्यावर हवा खेळेपर्यंत आत उतरायचे नाही, हा दंडकही त्यातूनच आला. आजच्या हवाबंद पिशव्या त्याच तत्त्वावर चालतात.

चुकीच्या ओळखीमुळे अनेकदा गरज नसताना विषारी द्रव्ये वापरली जातात. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून निघणारा फॉस्फिन वायू माणसासाठी प्राणघातक आहे. राहत्या घरात या गोळ्या ठेवल्याने मृत्यू घडले आहेत. भारतात या गोळ्यांचा वापर कायद्याने मर्यादित असून धुरीकरण प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखालीच करावयाचे असते. माइटची अंडी व काही कीटकांच्या सुप्त अवस्था या वायूला चांगल्या तोंड देतात. शिवाय अपुऱ्या मात्रेच्या वारंवार वापराने प्रतिकारक्षम किडी निपजतात. अन्न व कृषी संघटनेच्या १९७२–७३ मधील जागतिक पाहणीतच असा प्रतिकार आढळून आला होता. धुरीकरणानंतर धान्याला टिकाऊ संरक्षण मिळत नाही, नवी कीड पुन्हा लागू शकते.

या कारणांमुळे साठवणुकीच्या शास्त्रात निरीक्षणाला औषधापेक्षा अग्रक्रम दिला जातो. भारतात या विषयाचे प्रशिक्षण व संशोधन उत्तर प्रदेशातील हापूड येथील धान्य साठवण संस्थेत तसेच कृषी विद्यापीठांत चालते. घरगुती पातळीवर मात्र चाळणी, भिंग, काचेची बरणी आणि दर पंधरवड्याला धान्य पाहण्याची सवय एवढी साधने बहुतेक किडी वेळीच ओळखण्यास पुरेशी ठरतात.